मामांचे चौऱ्याण्णव गुण

मी संशयी आहे. कबुलीजबाब म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. पेट्रोल पंपावर शून्य दिसल्याशिवाय मी पाइप टाकीत जाऊ देत नाही. दूधवाल्याच्या किटलीत वाकून बघते. कुणी कारण नसताना गोड बोललं, तर त्या दिवशी पर्स मांडीवर घेऊन बसते. लग्न ठरताना मी नवऱ्याची दहावीची मार्कलिस्ट बघायला मागितली होती, हे तो अजून चारचौघांत हसून सांगतो. मी म्हणते, दाखवलीस ना? मग झालं.

अशा बाईला तक्ते सांभाळायचं काम मिळालं. सांगली-इस्लामपूर रस्त्याला हळद पिकवणाऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे, तिथं मी कॉम्प्युटरवर असते. पत्र्याची मोठी शेड, समोर ताडपत्र्या अंथरलेलं मैदान आणि मागं हळद शिजवायचे तीन कुकर. कुकर म्हणजे घरातला नव्हे. माणूस आत उभा राहील एवढाल्या टाक्या, त्यात वाफ सोडतात. हंगामात माझे केस, ओढणी, डब्यातली चपाती, सगळ्याला हळदीचा वास मारतो. कुणाची हळद कुठल्या कुकरला गेली, कधी चढली, कधी उतरली, ते सगळं माझ्या स्प्रेडशीटमध्ये.

तीन कुकरवर तीन माणसं होती. त्यातले एक मामा. वयानं साठीच्या पुढचे, कवठे महांकाळच्याही पलीकडच्या गावचे. घराणं मेंढरं राखणारं. आता पाणी आल्यापासून थोडी शेती, पण हंगामाला मामा इकडे हळद शिजवायला यायचे. पूर्वी काहिलीत, म्हणजे चुलाणावरच्या मोठ्या कढईत शिजवायचे, तेव्हापासूनचा हात. त्यांच्याकडं कडुलिंबाची बोथट काडी असायची. झाकण उघडलं की एक हळकुंड बाहेर घ्यायचं, त्यात काडी दाबायची. काडी न अडकता गेली की म्हणायचे, "उतरा." बस्स. वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघून वहीत लिहायची, ती शिजून झाल्यावर.

दुसऱ्या कुकरवर फौजी होते. वाळवा तालुक्यातले, घरचा ऊस, सैन्यातून निवृत्त होऊन आलेले. मोठ्यानं बोलायचे, मोठ्यानं हसायचे आणि फोनवर त्याहून मोठ्यानं बोलायचे. तिसरा माणूस गप्प होता. त्याचं या गोष्टीत काही नाही.

गेल्या वर्षी कंपनीच्या साहेबांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामाला एक कुकर आपोआप चालणारा येणार, तेव्हा माणसं दोनच लागतील. कुणाला ठेवायचं हे तोंड बघून ठरवायचं नाही, गुण देऊन ठरवायचं. हळदीच्या कामात हयात घालवलेले एक निवृत्त शास्त्रज्ञ साहेबांच्या ओळखीचे होते. त्यांनी एका कागदावर पेनानं सूत्र लिहून दिलं. प्रत्येक मालाला शिजायची एक वेळ ठरलेली. हळकुंडांना कमी, जाड गड्ड्यांना जास्त. त्या वेळेपासून माणूस किती मिनिटं चुकला, तो फरक म्हणजे क्ष. पाच मिनिटं उशीर म्हणजे पाच, पाच मिनिटं आधी म्हणजे उणे पाच. या क्षचा वर्ग करायचा म्हणजे आधी-उशिराचा भेद जातो, चूक ती चूक. त्याला दहानं भागायचं आणि ऐंशीतून वजा करायचं. शिवाय शिजलेलं हळकुंड सुरीनं मधोमध कापून आतल्या रंगाला वीसपैकी गुण द्यायचे. ते देणार मी, डोळ्यांनी बघून. कागदावर ओळ अशी होती: ऐंशी, अधिक रंग, वजा क्ष वर्ग भागिले दहा.

मी ते सूत्र शीटमध्ये घातलं, खाली ओढलं, शंभर ओळींत ते आपोआप उतरलं. फरकाचा रकाना उगीच मध्ये दिसत होता, तो मी लपवून टाकला. चढवल्याची वेळ, उतरवल्याची वेळ, रंग आणि शेवटी गुण. तक्ता कसा सुटसुटीत दिसायला लागला. साहेब म्हणाले, "छान केलंय." मला बरं वाटलं.

पहिल्या पंधरा दिवसांतच माझ्या मनात पाल चुकचुकली. फौजींना शहाण्णव, सत्त्याण्णव. तिसऱ्याला पंचाण्णव, शहाण्णव. मामांना चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव. तिसऱ्या दिवशी त्र्याण्णव, मग पुन्हा चौऱ्याण्णव. जेव्हा बघावं तेव्हा मामा तळाला, आणि तेही एकाच आकड्यावर खिळे मारल्यासारखे. माणसाच्या हातचं काम एवढं एकसारखं नसतं. माझी रोजची आमटी एकसारखी होत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट होती. रंगाचे गुण मीच देत होते आणि रंगात मामा रोज पहिले होते. त्यांचं हळकुंड कापलं की आत केशरी पिवळा रंग, कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा. मी हात आखडता घेऊनही तेरा-चौदा गुण द्यावे लागायचे. फौजींना दहाच्या वर द्यायला मन होत नव्हतं. मग रंगात पहिला असलेला माणूस बेरजेत शेवटचा कसा? म्हणजे वेळेत तो फार चुकत असणार. आणि वेळेत एवढा चुकणाऱ्याच्या हळदीला रंग कुठून येतो?

हा प्रश्न मी एका सरळ माणसाला विचारला असता, तर तो म्हणाला असता, तुझा तक्ता तपास. मी तो मलाच विचारला. उत्तर तयारच होतं: म्हातारा हळदीत काहीतरी टाकतो.

मी मामांवर पाळत ठेवायला लागले. पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं कुकरकडं जायचं, वाफेआडून बघायचं. ते कंबरेला कापडी चंची बांधायचे. मधूनमधून ती उलगडायचे, काहीतरी चिमटीत घ्यायचे, पाठ फिरवायचे. पाठ का फिरवतात? मी फौजींना सहज म्हणून विचारलं, मामांच्या चंचीत काय असतं हो? ते हसले. "मॅडम, म्हाताऱ्याची चंची म्हंजे पाकिस्तानची बॉर्डर. तिथं आमी जात न्हाई."

त्यांनी ते गमतीनं म्हटलं. मी ते पुरावा म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे शेडमध्ये होते. मी सरळ मामांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, जरा ती चंची दाखवा."

त्यांना आधी कळलंच नाही. "तंबाकू पायजे व्हय बाई?" ते म्हणाले, आणि आजूबाजूचे हसले.

"नाही. आत काय आहे ते बघायचंय. हळदीच्या रंगाबद्दल तक्रार आहे."

तक्रार कुणाचीच नव्हती. माझी होती. हसणं थांबलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग जेवणारे सगळे आपल्याकडं बघताहेत हे बघितलं. त्यांनी कंबरेची गाठ सोडली आणि चंची शेडमधल्या माझ्या टेबलावर उलगडली. एकेक खण उलटा केला. सुपारीची खांडं, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता, एसटीचं तिकीट, आणि एका खणात कागदात गुंडाळलेली नातीचे दोन दुधाचे दात. ते कशासाठी जपले होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी "ठीक आहे" म्हणाले. एवढंच म्हणाले. त्यांनी सगळं पुन्हा एकेका खणात भरलं. त्यांचे हात पिवळे झालेले होते आणि भरताना सुपारीचं एक खांड खाली पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

मला लाज वाटली का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. मला वाटलं, आज आणलं नसेल.

हंगाम संपत आला तशी साहेबांनी यादी मागितली. मी सरासरी काढून दिली. फौजी पहिले, तिसरा दुसरा, मामा शेवटचे. साहेबांनी ती फळ्यावर लावली. मामांना वाचता येत होतं, पण त्यांनी फौजींना विचारलं, "माझं नाव हाय का रं?" फौजी म्हणाले, "खाली हाय मामा." मामा म्हणाले, "बरं." त्यांनी आपली काडी, पटका, पिशवी उचलली. जाताना ते साहेबांच्या पाया पडायला वाकले, साहेबांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. माझ्या टेबलाजवळून ते गेले तेव्हा मी कीबोर्डकडं बघत होते.

त्यानंतर चारच दिवसांनी शेवटचा माल आला. फौजींनी तो चढवला आणि त्यांना भाच्याच्या साखरपुड्याचा फोन आला. मी तिथंच होते. फोन संपेना. मी हातानं खूण केली, त्यांनी मला हातानंच थांबवलं. अकरा मिनिटं उशीर. झाकण उघडलं तेव्हा हळकुंडं बोटानं दाबली तर चेपत होती, रंग मळकट. मी रंगाला सहा गुण दिले आणि वेळा शीटमध्ये भरल्या. शेवटच्या रकान्यात आकडा आला: अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.

साऱ्या हंगामातला सगळ्यात मोठा आकडा, आणि तो सगळ्यात वाया गेलेल्या मालाला.

मला पहिला संशय फौजींचा आला. यांनी कुणाकडून तरी शीटमध्ये फेरफार करून घेतला. मी पासवर्ड बदलला. मग साहेबांचा आला. मग शीट कुणी कधी उघडली त्याची यादी काढली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव, माझं. तेव्हा मी लपवलेला फरकाचा रकाना उघडला.

मामांच्या ओळी: एक, शून्य, उणे एक, एक, शून्य, दोन, उणे एक. पूर्ण हंगामात दोन मिनिटांच्या पलीकडं हा माणूस एकदाही गेला नव्हता. तेही नुसत्या काडीवर. फौजींच्या ओळी: आठ, सात, उणे नऊ, आठ. शीटच्या मते जो जेवढा जास्त चुकला, त्याला तेवढे जास्त गुण. जो चुकलाच नाही, तो तळाला.

मी एका रिकाम्या चौकटीत टाइप केलं:

=-11^2

उत्तर आलं १२१. उणे गायब. मग खालच्या चौकटीत टाइप केलं:

=0-11^2

उत्तर आलं −१२१.

मी साताऱ्याला बाबांना फोन लावला. बाबा पस्तीस वर्षं हायस्कुलात बीजगणित शिकवत होते. मी विचारलं, "उणे चिन्ह, मग अकरा, त्यावर वर्ग. उत्तर किती?"

"कंस आहे का?"

"नाही."

"मग आधी वर्ग, मग उणे. उणे एकशे एकवीस."

"कॉम्प्युटर नुसतंच एकशे एकवीस म्हणतोय."

"त्याला परत नववीत बसव," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण तू मांडलंस कसं?"

मी सांगितलं. कागदावर ऐंशी आधी होते, क्ष वर्ग शेवटी. मला ते बघवलं नाही. बाबांनी लहानपणापासून बिंबवलेलं: बहुपदी प्रमाण रूपात लिहावी, मोठा घात आधी, सुटी संख्या शेवटी. नाहीतर ते अर्धा गुण कापायचे, पोटच्या पोरीचासुद्धा. म्हणून शीटमध्ये घालताना मी त्या शास्त्रज्ञांची ओळ नीटनेटकी केली. उणे क्ष वर्ग भागिले दहा पहिलं, मग रंग, मग ऐंशी.

"अगदी बरोबर मांडलंस," बाबा खूष होऊन म्हणाले.

गोम तिथंच होती. दोन गोष्टींच्या मध्ये उणे असेल, तर शीट ते वजाबाकी समजते आणि वर्ग होईपर्यंत थांबते. पण सुरुवातीलाच उणे असेल, तर ते त्या संख्येलाच चिकटलेलं आहे असं धरते, चिकटलेल्यासकट वर्ग करते, आणि उण्याचं अधिक होऊन बसतं. रेघ तीच, जागा बदलली की अर्थ उलटा. मी नंतर चौकशी केली. ते बिघडलेलं नाही, त्यांनी तसंच ठरवलेलं आहे. म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी लिहिलं तसंच्या तसं उतरवलं असतं, तर काहीच झालं नसतं. सगळ्या हंगामात मी पोती, वेळा, माणसं, सगळ्यांवर संशय घेतला. एका गोष्टीवर घेतला नाही, ती म्हणजे माझा नीटनेटकेपणा.

सूत्र मूळ क्रमात घातलं. आकडे डोळ्यांसमोर फिरले. मामा त्र्याण्णवच्या वर, पहिले. फौजी त्र्याऐंशीच्या आसपास, शेवटचे. अकरा मिनिटांच्या त्या मालाला त्र्याहत्तर पूर्णांक नऊ. मी तशीच साहेबांकडं गेले आणि सांगितलं. साहेब म्हणाले, "यादी मी बदलतो. पण बोलवायला तुम्ही जायचं." फौजींना कळलं तेव्हा ते भडकतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मला म्हाईत होतं मॅडम. आमी त्याच्या पासंगाला पुरत न्हाई. म्हटलं, कॉम्प्युटरला काय दिसलं असंल." साहेबांनी त्यांनाही काढलं नाही, नव्या कुकरवर बटणं दाबायला ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी कवठे महांकाळला उतरले आणि तिथून वडापच्या जीपनं मामांच्या गावी गेले. घरापुढं बाभळीखाली ते मेंढरांच्या खुरांना औषध लावत बसले होते. मला बघून उठले. "बसा की बाई. उनातनं आलाय," म्हणाले आणि सुनेला हाक मारून पाणी मागवलं.

मी जीपमध्ये सगळं पाठ करून आले होते. मामा, तुमची वेळ सगळ्यात बरोबर होती, मी गणित उलटं घातलं, उणे चिन्ह आधी आलं की मशीन ते वेगळं धरतं, माझी चूक झाली, तुमचं नाव यादीत पहिलं आहे. बोलता बोलता मी त्यांना बोटानं मातीत काढूनही दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मातीतल्या त्या रेघेकडं बघितलं.

"गनित मला कळत न्हाई बाई," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर चुकलं आसंल. मानसाचं चुकतंय. पर चंची उलगडाया लावली, तवा त्यात कुठं गनित हुतं?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, सुनेनं आणलेला चहा माझ्यापुढं सरकवला आणि मेंढराचा पुढचा पाय हातात घेतला.

निघताना मी विचारलं, "याल ना मामा?"

"यीन. काम सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "पर वेळ मी लिवनार न्हाई आता. तुमी लिवायची. माझ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन."

या हंगामाला मामा आले. दर खेपेला काडी आरपार गेली की ते "उतरा" म्हणतात आणि मग माझी वाट बघत थांबतात. मी वही घेऊन जाते, घड्याळ बघते, वेळ लिहिते, मोठ्यानं वाचते. माझ्याशी ते चांगलं बोलतात. बाबांची तब्येत विचारतात, माझ्या मुलीसाठी गावाकडची बोरं आणतात. फक्त वाचून झाल्यावर ते मान हलवत नाहीत. वळून शेजारच्या कुकरवर हाक मारतात, "गड्या, जरा बघ रं हिकडं, बाईंनी बराबर लिवलंय का."

फौजी येतात, माझ्या हातातली वही घेतात, माझ्याकडं न बघता आकडा वाचतात आणि म्हणतात, "बराबर हाय मामा." मग मामा दुसरी खेप चढवायला घेतात.